चष्मा की लेन्स? अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्यांसाठी

पुण्यात शिकताना मी दोन्ही वापरलं आहे, म्हणून थोडं लिहितो. लेसिकचा, म्हणजे लेझरनं नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेचा, विषय काढत नाही; नंबर स्थिर झाल्याशिवाय डॉक्टर त्याला हो म्हणत नाहीत.

लेन्सची बाजू भक्कम आहे. दुचाकीवर निघताना चष्मा काढा, हेल्मेट चढवा, मग काड्या आत सरकवा, ही रोजची कसरत संपते. पावसात काचांवर थेंब नाहीत, चहाच्या वाफेनं धुरकटणं नाही. मायनस नंबर मोठा असेल तर चष्म्यातून सगळं जरा बारीक दिसतं, लेन्समधून बरंचसं मूळ मापाचं. मात्र चष्म्याचा कागद दाखवून लेन्स मागवू नका. लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळे उणे चारच्या पुढे तिचा नंबर साधारणपणे चष्म्यापेक्षा कमी निघतो. सिलिंडर (डोळ्याच्या असमान वक्रतेमुळे येणारा नंबर) असेल तर त्यासाठीची खास टोरिक लेन्स घ्यावी लागते आणि खिसा हलका होतो.

माझं बिनसलं ते डुलकीवरून. दुपारी मेसमधून जेवून अभ्यासिकेत आलं की पुस्तकावर डोकं टेकतंच. चष्मा असेल तर काढून बाजूला ठेवला, संपलं. लेन्स असली की झोपेशीच भांडण. तशीच डुलकी काढली तर उठल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. बुबुळाला प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो. पापणी मिटली की तो घटतो आणि वर लेन्सचा अडसर. लेन्स घालून झोपणाऱ्यांना जंतुसंसर्गाचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. बरं, काढून ठेवावी म्हटलं तर साबणानं हात धुवा, कोरडे करा, डबीत ताजं सोल्युशन ओता. एवढ्यात झोप उडते! नळाचं पाणी तर लेन्सला अजिबात लावायचं नाही. त्यातला अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव बुबुळात शिरला तर उपचार महिनोन् महिने चालतात.

स्क्रीनपुढे पापण्यांची उघडझाप कमी होते, त्यामुळे डोळे दोन्हींत कोरडे पडतात. मला संध्याकाळी लेन्स जास्त टोचायची. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. चष्मा घेताना ‘ब्ल्यू कट’ म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांसाठी जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही. वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या 2023च्या आढाव्यातही अशा काचांनी डोळ्यांवरचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही.

फुटबॉल, नाटक, ट्रेक यांत रमणारे असाल तर लेन्सच घ्या. पण जमलं तर रोज नवी घालून रात्री फेकायची डेली. महिनाभर चालणाऱ्या जोडीची निगा होस्टेलच्या बेसिनवर राखणं कठीण, निदान मला जमलं नाही. बाकी, दिवसातले दहा तास खुर्चीत काढणाऱ्यानं हलक्या फ्रेमचा चष्मा घ्यावा, असं मला वाटतं. आणि लेन्स घेतलीत तरी चालू नंबरचा चष्मा सॅकमध्ये हवाच. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सोसेना, तर लेन्स लगेच काढून डॉक्टरकडे जायचं असतं, आणि तिथवर पोचायला रस्ता तर दिसला पाहिजे.