रिम ब्रेक की डिस्क ब्रेक? मुंबईच्या पावसात टिकणारं कोण

घरात दोन सायकली आहेत. जुनीला रिम ब्रेक, म्हणजे रबरी पॅड थेट चाकाच्या कडेला (रिमला) दाबणारे. दुसरीला हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकाच्या मध्यावरच्या धातूच्या चकतीवर पॅड दाबणारे.

रिम ब्रेकचं खरं दुखणं चाकात असतं. पावसाळ्यात रस्त्यावरची रेती रबरी पॅडमध्ये रुतते आणि दर ब्रेकला ॲल्युमिनियमची रिम कानशीसारखी घासते. बऱ्याच रिमवर झीज ओळखायला बारीक खाच असते. ती पुसली गेली की रिम बाद. मग सगळे स्पोक काढून चाक नव्याने बांधायचं, आणि असा हात असलेला मिस्त्री शोधायचा. केबल तर वरळी सी फेसची खारी हवा खाऊन गंजतेच. पण पॅड स्वस्त, केबलही स्वस्त, आणि दोन्ही नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळतात.

डिस्कमध्ये झिजतो तो रोटर, म्हणजे ती चकती; रिम शाबूत राहते. शिमानो कंपनीचा नवा रोटर १.८ मिलिमीटर जाड असतो, १.५ वर आला की बदलायचा. रेझिन पॅड चिखलात भराभर संपतात. मेटल पॅड जास्त टिकतात, पण ओले झाले की अख्खी सोसायटी जागी करतात. चेनला तेल मारताना फवारा पॅडवर उडाला की पॅड गेले (माझे गेलेत). मिनरल ऑइलवर चालणाऱ्या ब्रेकमध्ये चुकून डॉट फ्लुइड (वेगळ्या प्रकारचं ब्रेक ऑइल) भरलं तर आतल्या रबरी सीलची वाट लागते, म्हणून हे काम कुणाच्याही हाती देऊ नका.

जून ते सप्टेंबर रोज सायकलने ऑफिसला जाणार असाल तर डिस्कच घ्या. पावसात सायकल जिन्याखालीच राहणार असेल, तर जास्तीचे पैसे कशाला?