सीपीयूफ्रेक-स्टॅट्स: पोळ्यापासून नवतप्यापर्यंत वापरून पाहिलं

आमचं दारव्हा तालुक्यातलं गाव. ओसरीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्ती, जे येईल ते. मशीन म्हणजे नागपूरहून आणलेला सेकंडहँड लॅपटॉप, आत तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह ३३२०एम, वर लिनक्स मिंट २१. बोटाचे ठसे लागतात ते काम दुसऱ्या मशीनवर होतं. यावर मुख्यतः स्कॅन करणं आणि त्या स्कॅनची पीडीएफ पोर्टलच्या मर्यादेत बसेल एवढी दाबणं चालतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण प्रोसेसरला घाम फोडणारं काम हेच.

लॅपटॉप कधी पळायचा, कधी बैलासारखा बसायचा. का, ते कळेना. म्हणून गेल्या पोळ्याच्या आठवड्यात कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, सीपीयूफ्रेक-स्टॅट्स ही सोय सुरू केली. प्रोसेसर कुठल्या वेगावर किती वेळ होता त्याची ती नोंद ठेवते. ज्यांनी जुन्या अँड्रॉइड फोनवर सीपीयू स्पाय नावाचं ॲप वापरलंय त्यांना ही गोष्ट माहीत आहे, फक्त नाव माहीत नसेल. ते ॲप याच नोंदींची फाईल वाचून दाखवायचं.

सुरुवातीलाच ठेच लागली. /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूफ्रेक या फोल्डरमध्ये स्टॅट्स नावाचं उपफोल्डर असायला हवं, ते नव्हतंच. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थात इंग्रजीतच टाकायची.) दोन रात्री यात गेल्या. कर्नलमध्ये सोय चालू होती, तरी फोल्डर नाही. कारण असं, की इंटेलच्या सँडी ब्रिजपासून पुढच्या प्रोसेसरांवर लिनक्स आपणहून इंटेल_पीस्टेट हा वेग सांभाळणारा ड्रायव्हर लावतं, आणि तो वेगांचा ठराविक तक्ता ठेवतच नाही. तक्ता नाही तर कुठल्या वेगावर किती वेळ गेला ते मांडणार कशावर? ग्रबच्या (मशीन सुरू होताना लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत इंटेल_पीस्टेट=डिसेबल टाकलं, अपडेट-ग्रब केलं, मशीन परत सुरू केलं. आता एसीपीआय-सीपीयूफ्रेक हा जुना ड्रायव्हर आला आणि फोल्डर प्रकटलं. हे कुठेतरी ठळक लिहून ठेवायला हवं होतं असं माझं मत. नवखा माणूस इथूनच परत जातो.

आणखी एक खड्डा माझ्या भाच्याला लागला, त्याचं मशीन ५.४ कर्नलवर होतं. त्याच्याकडे फोल्डर होतं, फाईलही होती, पण उघडली की रिकामी. त्याने शेड्यूटिल गव्हर्नर लावला होता. गव्हर्नर म्हणजे वेग कधी वाढवायचा, कधी उतरवायचा ते ठरवणारा कर्नलचा भाग. तो वेग झटपट बदलण्याचा जो मार्ग वापरतो त्याचा हिशेब जुन्या कर्नलमध्ये ठेवलाच जात नव्हता, ५.१० पासून ठेवला जातो. ऑनडिमांड हा दुसरा गव्हर्नर लावल्यावर त्याचीही फाईल भरू लागली.

आत मोजक्या फाईली आहेत. टोटल_ट्रान्स म्हणजे वेग एकूण किती वेळा बदलला. ट्रान्स_टेबल म्हणजे कुठल्या वेगावरून कुठल्या वेगावर किती उड्या. रिसेट लिहिलं की सगळं शून्य. आणि खरी कामाची टाइम_इन_स्टेट. तिच्यात प्रत्येक ओळीवर दोन आकडे असतात, पहिला वेग किलोहर्ट्झमध्ये, दुसरा त्या वेगावर गेलेला वेळ. वेळेचं माप दहा मिलिसेकंद. म्हणजे १०० म्हणजे एक सेकंद आणि ३६०००० म्हणजे एक तास. एवढं डोक्यात बसलं की फाईल किराणा दुकानाच्या खातेवहीसारखी वाचता येते.

जानेवारीतल्या एका दिवसाची माझी नोंद: सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, नऊ तास. १२००००० समोर २३१००००. २६०१००० समोर ५७६०००. मधल्या सगळ्या वेगांचे मिळून ३५४०००. म्हणजे साडेसहा तासांच्या आसपास मशीन तळाच्या वेगावर बसलेलं, दीड तासाच्या वर टोकाला, आणि मधल्या पायऱ्यांवर जेमतेम एक तास.

तो २६०१००० हा आकडा पाहून मी आधी हसलो होतो. २६०० च्या पुढे एक मेगाहर्ट्झ कशाला? तो खरा वेग नाही, खूण आहे. एसीपीआयच्या, म्हणजे मशीनने कर्नलला दिलेल्या, तक्त्यात टर्बो (मूळ वेगाच्या वरची तात्पुरती धाव) असा दाखवतात, मूळ वेगात एक मेगाहर्ट्झ मिळवून. माझ्या प्रोसेसरचा टर्बो ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. त्या ओळीवर असताना तो ३.३ ला होता की २.८ ला, हे ही फाईल सांगत नाही. हा तिचा मूळ स्वभाव आहे, आणि मला तो समजायला मे उजाडला. त्याआधी जानेवारीतलंच दुसरं प्रकरण सांगतो, कारण तिथे फाईलीने माझी लाज राखली. खरं म्हणजे काढली.

संक्रांतीनंतर जुना ॲडॉप्टर जळाला. लाईन दिवसातून चारदा येते-जाते, त्यात कधीतरी व्हायचंच होतं. तालुक्याच्या एका दुकानातून नवीन आणला, लेबलवर ९० वॉट, किंमत मूळच्याच्या तिसऱ्या हिश्श्यात. लॅपटॉप चालू झाला, बॅटरी चार्ज होऊ लागली, मी खूश. दोन दिवसांनी शिष्यवृत्तीवाल्या पोरींची रांग दारापर्यंत गेली. प्रत्येक पीडीएफला जीव जात होता. मी नेटला शिव्या घातल्या, पोर्टलला घातल्या. आमचे मोठे काका कूपनलिकेच्या बिलाचं काही विचारायला आले होते, ते म्हणाले, "काय पाहून राह्यला रे त्या काया खिडकीत? पोरी उभ्या आहेत ना तिकडे."

काळ्या खिडकीत मी टाइम_इन_स्टेट पाहत होतो. २६०१००० समोरचा आकडा दोन दिवस जागचा हललेला नव्हता. एक एककही नाही. टोटल_ट्रान्सही गोठलेलं. सगळा वेळ १२००००० च्या ओळीत साचत होता. गव्हर्नर बदलून परफॉर्मन्स केला, जो कायम वरचाच वेग मागतो, तरी तेच. मग त्याच सीपीयूफ्रेक फोल्डरात, स्टॅट्सच्या एक पायरी वर, बायोस_लिमिट नावाची फाईल दिसली. आत लिहिलेलं १२०००००. म्हणजे बायोसनेच, मशीनच्या बोर्डवरच्या मूळ प्रोग्रामनेच, वेसण घातली होती: यापुढे जायचं नाही. आणि मग आठवलं, गेले दोन दिवस लॅपटॉप सुरू करताना ॲडॉप्टर ओळखता येत नाही असा इंग्रजी मजकूर येत होता आणि मी न वाचता एंटर दाबत होतो. शाळेतल्या मित्राकडून मूळ कंपनीचा ॲडॉप्टर तासाभरासाठी आणला, लावला, बायोस_लिमिट झटक्यात २६०१००० झालं. तालुक्याच्या दुकानदाराने ॲडॉप्टर परत घेतला नाही. तो आता भाच्याच्या छोट्या लॅपटॉपला चालतोय.

या प्रकरणानंतर माझा फाईलीवर असा विश्वास बसला की मी दर दहा मिनिटांनी तिची नोंद घेणारी क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या सोयीची) ओळ लावली. हे करणार असाल तर एक लक्षात ठेवा: मशीन बंद झालं की आकडे शून्यावरून सुरू होतात. त्यामुळे नुसते आकडे साठवून उपयोग नाही, पुढच्या नोंदीतून आधीची वजा करायची, आणि नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला तर मशीन मधे बंद पडलं होतं असं समजून तो तसाच्या तसा घ्यायचा. पहिल्या महिन्यात मला हे सुचलं नव्हतं. त्या महिन्याचा हिशेब लाईनच्या लपंडावात वाहून गेला.

गव्हर्नर बदलून पाहण्याचे प्रयोगही केले. ट्रान्स_टेबल त्यासाठी फार बोलकं आहे. ऑनडिमांडमध्ये सर्वात फुगलेले कप्पे टोकाचे, तळावरून थेट टर्बोला आणि टर्बोवरून परत तळाला. कन्झर्वेटिव्हमध्ये तो पायरी-पायरीने चढतो, म्हणून आकडे कर्णाच्या आजूबाजूला चिकटलेले. माझ्या कामात कन्झर्वेटिव्हचा उपयोग नाही. तो वर पोचेपर्यंत पीडीएफ संपलेली असते. लाईन गेली की बॅटरी पुरावी म्हणून पॉवरसेव्हही लावून पाहिला. या ड्रायव्हरवर पॉवरसेव्ह म्हणजे सरळ तळाच्या वेगावर खुंटी, इंटेल_पीस्टेटवरच्या त्याच नावाच्या गव्हर्नरसारखा तो खालीवर होत नाही. बॅटरीत म्हणावा असा फरक पडला नाही, कामं मात्र लांबली.

का पडला नाही, ते टाइम_इन_स्टेट पाहून कळणार नाही. उलट दिशाभूल होईल. ही फाईल प्रोसेसर झोपलेला असतानाचा वेळही शेवटच्या वेगाच्या खात्यावर मांडते. परफॉर्मन्स लावून मशीन रात्रभर नुसतं ठेवलं तर सकाळी दिसेल की पठ्ठ्या रात्रभर टर्बोवर होता. प्रत्यक्षात तो घोरत होता. झोपेचा हिशेब शेजारच्या सीपीयूआयडल फोल्डरात असतो, प्रत्येक स्टेटमध्ये टाइम नावाची फाईल, आणि तिथलं माप मायक्रोसेकंद. ही दोन मापं वेगळी आहेत हे विसरून मी एकदा भागाकार केला आणि प्रोसेसर दिवसाचे चोवीस तासांहून जास्त झोपतो असं उत्तर काढलं. नीट हिशेब केल्यावर दिसलं, की दुकानाच्या वेळेतसुद्धा बहुतेक वेळ तो सर्वात गाढ झोपेत, सी-सेव्हनमध्ये असतो. जो माणूस झोपलाय त्याला हळू चाल म्हणून काय वाचणार?

आता मे. नवतपा लागायच्या आधीच बाहेर पारा ४५ ला, ओसरीत कूलर चालू असून दुपारी ४१. लॅपटॉप परत बैलासारखा बसू लागला, पण फक्त दुपारी. मी शहाणपणाने टाइम_इन_स्टेट उघडली. २६०१००० ची ओळ जानेवारीपेक्षा दुपटीने वाढत होती. बायोस_लिमिट ठीक. म्हणजे मशीन पूर्ण जोरात आहे, दोष दुसरीकडे. आठ दिवस मी हार्डडिस्क, ब्राउझर, सगळं तपासत बसलो.

चाळीस पानांचा एक ठरलेला स्कॅन मी मोजायला ठेवलाय. जानेवारीत तो दाबायला ९ सेकंद लागायचे. मेच्या दुपारी २६. तो चालू असताना स्केलिंग_कर_फ्रेक ही त्या क्षणाचा वेग दाखवणारी फाईल वाचली. तिथे बाराशे मेगाहर्ट्झच्या आसपासचे आकडे नाचत होते, आणि त्याच क्षणी टाइम_इन_स्टेट मात्र २६०१००० च्या खात्यावर वेळ चढवत होती. एकाच फोल्डरातल्या दोन फाईली एकमेकींना खोटं पाडत होत्या.

खोटी कुणीच नव्हती. टाइम_इन_स्टेट लिहिते ते कर्नलने मागितलेलं. प्रोसेसर शंभरीच्या आसपास तापला की स्वतःच्या जिवासाठी स्वतःच हळू होतो, कर्नलला विचारत नाही. मागणी टर्बोची, पुरवठा तळाचा, आणि खातेवहीत मागणीच चढते. काम लांबल्याने मागणीची ओळ आणखी फुगते. म्हणून मे महिन्याचे आकडे जानेवारीपेक्षा रुबाबदार दिसत होते. स्केलिंग_कर_फ्रेक मात्र नव्या कर्नलमध्ये एक्स८६ वर (इंटेल-एएमडीच्या मशीनवर) प्रोसेसरच्या स्वतःच्या मोजणीवरून येते, म्हणून ती खरं बोलली. शिक्का मारला तो थर्मल_थ्रॉटल फोल्डरातल्या कोर_थ्रॉटल_काउंटने, म्हणजे तापून किती वेळा हळू झाला त्या मोजणीने. सकाळी शून्य, दुपारी चारला पाच आकडी. सीपीयूफ्रेकच्या बाहेर असल्याने तिकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

लॅपटॉप उघडला. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे नमद्यासारखा एक पांढुरका थर, नखाने उचलला तर अख्खा निघाला. कापूस. नोव्हेंबरपासून भाव येईल या आशेने वेचलेला कापूस ओसरीच्या कोपऱ्यात छतापर्यंत भरलेला होता, फेब्रुवारीपर्यंत. शेजारीच माझं टेबल. पंखा चार महिने तेच ओढत होता, थंडीत खपून गेलं. हिवाळ्यात ओसरीत वीस-बावीस अंश असायचे, मेमध्ये तिथून वीस अंश वर, म्हणजे तेच काम करताना प्रोसेसरही तेवढाच वर. आईने तो थर हातात घेतला, दोन बोटांत वळला आणि म्हणाली, "अजून थोडा असता त फुलवात झाली असती."

जाळी साफ केली, थर्मल पेस्ट नवीन लावली. दुसऱ्या दुपारी, ओसरीत तेच ४१ असताना, तोच स्कॅन ११ सेकंदांत. काउंट दिवसअखेर शंभराच्या आत.

घ्यावं का, असं कुणी विचारलं तर घेण्यासारखं काही नाहीच, कर्नलमध्ये फुकट पडलेलं आहे आणि नोंदी ठेवण्याचा मशीनवर जाणवेल असा भार नाही. एसीपीआय ड्रायव्हरवर चालणारं जुनं मशीन असेल तर वापरा. नव्या इंटेलवर फक्त याच्यासाठी ड्रायव्हर बदलू नका, तिथे टर्बोस्टॅट ही कमांड चालवा, ती खरा वेग दाखवते. मी आता क्रॉनच्या ओळीत टाइम_इन_स्टेटच्या जोडीने कोर_थ्रॉटल_काउंट आणि बायोस_लिमिटही नोंदवतो. तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय नेटला शिव्या घालायच्या नाहीत असं ठरवलंय, ते पाळलं जातंच असं नाही.

यंदा कापूस मागच्या खोलीत भरायचा, हेही घरात सांगून झालंय. आई म्हणते मागच्या खोलीत उंदरं आहेत, लॅपटॉपच तिकडे ने.