पहिलं स्कूबा डायव्हिंग, तेही एकट्यानं: तारकर्ली की हॅवलॉक?

जळगावच्या भाच्यानं विचारलं, "मामा, एकटाच चाललोय, कुठं जाऊ?"

खर्चात तारकर्लीच. भुसावळ-जळगावहून मंगला एक्स्प्रेस गाडी न बदलता कोकणात उतरवते, पुढं मालवण. हॅवलॉकला (अंदमानातलं बेट, आता स्वराज द्वीप) विमान, मग बोट. शिवाय शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसण्याआधी किमान 18 तास थांबायचं, म्हणजे एका दिवसाचा मुक्काम वाढला.

पाणी मात्र अंदमानचंच. मालवणात ते बऱ्याचदा गढूळ असतं, पावसाळ्यात तर डायव्हिंग बंदच. जाहिरातीतले निळे फोटो विसर.

एकटेपणाची काळजी नको. पहिल्या डुबकीत प्रशिक्षक सोबत असतोच. एका प्रशिक्षकामागे किती जण, हे आधी विचार. मला ते पाण्याच्या रंगापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पाण्याखाली दम घुटतो का, एवढंच पाहायचं तर तारकर्ली. तीन-चार दिवस काढून ओपन वॉटर कोर्स (18 मीटर खोलीपर्यंत डुबकीची परवानगी देणारा) करायचा तर पैसे साठवून हॅवलॉक. पण त्यात 200 मीटर पोहावं लागतं. तापीत नुसतं डुंबून भागणार नाही.