कुंडीतली चिलटं: माती सुकवायची की बीटीआयची आळवणी करायची?

झारीची पहिली धार पडली की मातीतून बारीक काळ्या चिलटांचा पुंजका उठतो, हे ज्यांनी रोज पाहिलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. ही चिलटं, म्हणजे फंगस नॅट, चावत नाहीत, फळांवरची चिलटं वेगळी, हे तुम्हाला ठाऊक असणारच. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. माती सुकवून त्यांना उपाशी मारायचं, की बीटीआय हा अळ्या मारणारा जिवाणू पाण्यातून मातीत ओतून, म्हणजे आळवणी करून, अळ्या संपवायच्या? खिडकीशी ठेवलेल्या तेरा कुंड्यांवर मी जवळपास पाच महिने दोन्ही करून पाहिलं. मधे वाळू, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि कडुनिंबही झालं. माझं मत एका बाजूला झुकलंय, पण तुमच्या कुंड्यांत काय लावलंय त्यावर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

आधी एक हिशेब लक्षात असू द्या, माझी पहिली चूक तिथेच झाली. उडणारी माशी जेमतेम आठवडाभर जगते, पण तेवढ्यात एक मादी ओल्या मातीत शंभर ते दोनशे अंडी घालू शकते. खोलीचं तापमान २४ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर तीनेक दिवसांत अंडी फुटतात, दहाएक दिवस अळी मातीत खात राहते, चारेक दिवस कोषात जातात आणि नवी माशी बाहेर पडते. म्हणजे सुमारे १७ दिवसांत एक पिढी. त्यातही एकाच कुंडीत अंडी, अळ्या, कोष सगळं एका वेळी असतं. आठ दिवस माश्या दिसल्या नाहीत म्हणून मी हात आखडता घेतला आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तोच पुंजका. त्यामुळे कोणताही उपाय निवडताना मी आता एकच विचारतो: हा महिना-दीड महिना न चुकता करता येईल का, आणि तोवर झाड टिकेल का?

अळ्या खरंच आहेत का हे बघायला बटाट्याची जाडसर चकती मातीवर दाबून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उलटा. माझ्या पीस लिलीच्या कुंडीत त्या चकतीखाली अकरा अळ्या निघाल्या. दोऱ्याएवढ्या बारीक, इतक्या पारदर्शक की पोटातलं काळपट खाणं बाहेरून दिसावं, आणि पुढच्या टोकाला ठिपक्याएवढं चकचकीत काळं डोकं. ते डोकं दिसलं की शंका उरत नाही. पुढचे सगळे महिने मी दर रविवारी ही चकती ठेवत गेलो. माझं मोजमाप म्हणाल तर तेवढंच.

पिवळे चिकट सापळे दोन्ही उपायांत लागतातच, त्यांची तुलना करत बसत नाही. उभे खोचण्यापेक्षा मातीलगत आडवे ठेवले तर जास्त माश्या सापडतात, असं मला तरी दिसलं. पण सापळ्यात अडकलेल्या माशीनं अंडी आधीच घातलेली असू शकतात. सापळा बातमी देतो, बंदोबस्त करत नाही.

आता माती सुकवणं. यात काही आणायला नको, काही मिसळायला नको. अळ्यांचा वावर मुख्यतः वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये असतो. तेवढा थर पूर्ण वाळू दिला की अंडी आणि कोवळ्या अळ्या सुकतात, आणि ज्या बुरशीवर त्या पोसतात तीही मरते. स्नेक प्लांट, झीझी प्लांट, कोरफड अशा झाडांना तर हे मानवतंच. माझ्या दोन्ही स्नेक प्लांटच्या कुंड्या एवढ्यानंच स्वच्छ झाल्या. जवळजवळ महिनाभर पाणी दिलं नाही आणि झाडांना त्याची जाणीवही झाली नाही. तुमच्याकडे सगळी अशीच झाडं असतील तर खरं सांगायचं तर पुढचं वाचायचीही गरज नाही. पाणी कमी करा, सापळे ठेवा, झालं.

माझी अडचण फर्न आणि पीस लिलीची होती. झाड कोमेजेल याची तयारी मी ठेवली होती. पीस लिलीनं मान टाकली तरी पाणी दिल्यावर दोन-तीन तासांत ती पुन्हा उभी राहते. खरा त्रास कोकोपीटनं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्शानं, दिला, आणि शेवटी निर्णय त्याच्यावरच झाला.

बाजारात मिळणाऱ्या तयार मिश्रणात कोकोपीट भरपूर असतं. ते ओलं आहे तोवर स्पंजासारखं वागतं, पण एकदा पूर्ण सुकलं की पाण्याला जवळ येऊ देत नाही. मातीचा गोळा आकसतो, कुंडीच्या कडेपासून सुटतो आणि तिथे एक बारीक फट पडते. मी फर्नला दहा दिवसांनी पाणी दिलं तेव्हा ते घोटभरही न थांबता त्या फटीतून खाली गेलं आणि ताटली भरली. मला वाटलं, झाड तृप्त झालं. दोन दिवसांनी पानांच्या कडा कुरकुरीत झाल्या. कुंडी उचलून पाहिली तर रिकाम्या डब्यासारखी हलकी. मधोमध लाकडी काडी खुपसली, ती वर आली तेव्हा तिला ओलाव्याचा एक कणही चिकटला नव्हता. आतली माती भुश्शासारखी कोरडी होती आणि मी दोन दिवस ताटलीतलं पाणी पाहून निश्चिंत होतो.

अशा कुंडीला पुन्हा ओलं करायचं तर ती बादलीत अर्धा तास बुडवून ठेवावी लागते. बुडबुडे थांबेपर्यंत. म्हणजे ज्या वरच्या थरासाठी दहा दिवस धीर धरला तो पुन्हा चिंब, आणि पुढच्या चकतीखाली पुन्हा अळ्या. सुकव, झाड वाळतंय म्हणून बुडव, चिलटं आली म्हणून पुन्हा सुकव, हे चक्र मी तीन वेळा फिरवलं. तिसऱ्या वेळी फर्नच्या गाभ्यातून नवा कोंब आलाच नाही. ते झाड सहा वर्षं माझ्याकडे होतं.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. वरचा थर कोरडा असला तरी ताटलीत पाणी साचलेलं असेल तर खालची माती ओली राहते, आणि माश्या निचऱ्याच्या भोकातून ये-जा करतात. कुंडी उचलली की तळातून दोन-तीन उडायच्या त्या यामुळे. सुकवण्याचा मार्ग निवडलात तर ताटली अर्ध्या तासात रिकामी करण्याची शिस्त त्याच्यासोबत घ्याच.

वाळूचा थर हा सुकवण्याचाच भाऊबंद. भरड वाळू सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पसरायची, ती लगेच कोरडी होते, मादीला अंडी घालायला ओल सापडत नाही. बारीक वाळू मात्र पाण्यासोबत मातीत उतरते आणि वर चिखल बसतो. मला हे जमलं नाही कारण माती बोटानं चाचपून पाणी द्यायची सवय आहे आणि वाळूखाली काय चाललंय ते कळेना. खालून पाणी पाजणाऱ्यांना हा उपाय छान साधतो. फक्त महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून साठलेले क्षार धुऊन काढा.

पेरॉक्साइडबद्दल थोडक्यात. तीन टक्क्यांचं द्रावण चारपट पाण्यात मिसळून ओतलं की माती फसफसते आणि जी अळी थेट सापडते ती मरते. काही वेळात त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं, मागे काही उरत नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशी फुटलेल्या अंड्यांवर काहीच परिणाम नाही. मातीतले उपयोगी जिवाणूही त्यात भाजले जातात. एखाद्या कुंडीत फारच उच्छाद असेल तर एकदा करावं, दर आठवड्याला करू नये असं मला वाटतं.

कडुनिंबाबद्दल आस्था असूनही इथे माझा अनुभव मिश्र आहे. निंबोळी तेलातला अझाडिरॅक्टिन हा घटक अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो, त्यामुळे तत्त्व पक्कं आहे. पण बंद खोलीत त्या आळवणीचा वास दोन दिवस हलत नाही, आणि आईला त्यानं डोकेदुखी व्हायची. निंबोळी पेंड तर मी वर भुरभुरवली होती. ती ओली राहिली, तिच्यावर पांढरी बुरशी धरली आणि चिलटांना नवं खाणं मिळालं. पेंड घालायचीच असेल तर मातीत खोल मिसळा, वर ठेवू नका.

मग बीटीआय. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस. १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या डासांच्या एका डबक्यात हा जिवाणू सापडला, आणि आजही तो जास्त करून डासांच्या अळ्यांसाठीच वापरला जातो. चिलटं डासांच्याच द्विपंखी गणातली, म्हणून त्यांनाही लागू पडतो. अळी तो खाते, तिच्या पोटातल्या अल्कधर्मी रसात त्याचे प्रथिनांचे स्फटिक विरघळतात आणि आतड्याचं अस्तर फाटतं. तिचं खाणं थांबतं, एक-दोन दिवसांत ती मरते. गांडुळाला, माणसाला, मांजराला त्याचा त्रास नाही.

इथे एक सावधगिरी कळकळीनं सांगतो. मी आधी जे आणलं ते नुसतं ‘बीटी’ होतं. विकणाऱ्यानं ‘चालेल’ म्हटलं आणि मी लेबल वाचलं नाही. ती होती कुर्स्टाकी जात, पानं खाणाऱ्या सुरवंटांसाठीची. तीन आठवडे इमानानं आळवणी केली आणि चकतीखालच्या अळ्या तशाच वळवळत राहिल्या. लेबलवर ‘इस्राएलेन्सिस’ हा शब्द दिसल्याशिवाय घेऊ नका.

योग्य जात मिळाल्यावर मी दर पाच-सहा दिवसांनी, नेहमीच्या पाण्याच्या वेळीच, ते झारीत मिसळून देऊ लागलो. गढूळ पाणी, थोडा आंबूस वास, तोही तासाभरात जातो. तळाशी गाळ बसतो म्हणून प्रत्येक कुंडीआधी झारी हलवायची आणि कालवलेलं त्याच दिवशी संपवायचं. डासांसाठीच्या गोळ्या किंवा दाणे मिळाले तर रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी गाळून वापरता येतं. पहिल्या आठवड्यात फरक दिसत नाही, तेव्हा धीर सोडू नका. अंडी, कोष आणि उडणाऱ्या माश्यांना बीटीआय काहीच करत नाही, त्या आपलं आयुष्य संपवून जातात. माझ्या पीस लिलीच्या चकतीखाली अकराच्या जागी दुसऱ्या रविवारी चार, तिसऱ्या रविवारी एक आणि पाचव्या रविवारी काहीच नव्हतं. या काळात माती मी एकदाही सुकू दिली नाही. माझ्यासाठी पारडं इथे झुकलं. झाडाची पाण्याची सवय न मोडता चिलटं गेली.

त्याचे तोटेही आहेत. मातीत ते टिकून राहत नाही, म्हणून एक फेरी चुकली की नव्या अळ्यांना मोकळं रान. आणि पाणी रोज भसाभसा घालत राहिलात तर बीटीआय थांबवल्यावर चिलटं परत येणारच. सूत्रकृमींचा, म्हणजे धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींचा, पर्यायही चांगला आहे, स्टाइनरनेमा फेल्टिए ही जात अळीला स्वतः शोधून मारते. पण त्या जिवंत असतात, थंड ठेवाव्या लागतात, लवकर वापराव्या लागतात. मोठं हरितगृह असलेल्याला ते परवडेल, तेरा कुंड्यांसाठी मला ते झेपलं नाही.

रोपवाटिकेतलं बी-रोपांचं तबक किंवा मुळं फुटायला लावलेल्या फांद्या असतील तर मात्र फार विचार करू नका, थेट बीटीआय घ्या. मोठ्या झाडाला दहा-वीस अळ्या काही करत नाहीत, पण कोवळ्या रोपाची केसांसारखी मुळं त्या कुरतडतात, आणि ज्याला रोज ओल हवी त्याला सुकवणार तरी कसं?

सध्या माझ्याकडे स्नेक प्लांट कोरडे राहतात आणि बाकीच्यांना, सापळ्यावर पाचाहून जास्त माश्या दिसल्या तरच, महिनाभर बीटीआय मिळतं. गेल्या महिन्यात नवा फर्न आणला. त्याला पहिल्याच दिवशी बीटीआयचं पाणी दिलं आणि तीन आठवडे दुसऱ्या खोलीत एकटा ठेवला. काल त्याची चकती उलटून पाहिली, खाली काही नव्हतं. आज तो खिडकीशी इतरांच्या शेजारी आहे आणि मधोमध एक कोंब वळकटी सोडवतोय.