ताई, घर तुमच्यासाठीच ठेवतो

जून २०२३ मध्ये नाशिकमध्ये बसून मी मेलबर्नमधल्या एका घराचं डिपॉझिट आणि महिन्याचं आगाऊ भाडं भरलं. ३,६४० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन लाख रुपये. आईने माझ्या नावावर ठेवलेली एफडी त्यासाठी मोडली. ते घर भाड्याने द्यायचं नव्हतंच, आणि ज्याने पैसे घेतले त्याचा त्या घराशी काडीचाही संबंध नव्हता. नोकरीसाठी परदेशी निघालेल्या आणि कुठे राहायचं हे इथूनच पक्कं करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे, कारण आमची चूक पैसे पाठवण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

मला डॉकलँड्समधल्या एका कंपनीत टेस्टिंगची नोकरी मिळाली होती. पहिले दोन आठवडे राहायची सोय कंपनी करणार होती. तेवढ्यात घर शोधता आलं असतं. पण मुलगी सातवीत, तिकडची तिसरी टर्म जुलैत सुरू होणार, आणि शाळेचा प्रवेश पत्त्यावर ठरतो हे कळल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळ सुरू झाला: उपनगर कुठलं?

मेलबर्न अफाट पसरलेलं शहर आहे. पश्चिमेला टार्नेट, ट्रुगनिना, पॉइंट कुक. घरं नवी, भाडी त्या मानाने कमी, भारतीय कुटुंबं भरपूर. पण गाडीने शहरात यायचं तर बहुतेकांना तेव्हा वेस्ट गेट पुलाची गर्दी चुकत नव्हती, आणि टार्नेटला थांबते ती व्ही-लाइनची प्रादेशिक गाडी, शहरातली मेट्रो नव्हे. आग्नेयेला क्लेटन, माउंट वेव्हर्ली, ग्लेन वेव्हर्ली. ग्लेन वेव्हर्लीहून थेट शहरात जाणारी लोकल आहे आणि तिथल्या सरकारी माध्यमिक शाळेचं नाव मोठं. सरकारी शाळेला तिच्या हद्दीत राहणाऱ्या मुलांना प्रवेश द्यावा लागतो, म्हणून त्या हद्दीतली घरं महाग. मी रात्ररात्र जागून एक्सेलमध्ये तक्ता केला. भाडं, स्टेशन, शाळा, किराणा, देऊळ. ग्लेन वेव्हर्लीखाली पिवळा रंग भरला आणि सगळ्यांना सांगून टाकलं की आपण इथेच राहणार. मुलीने मैत्रिणींना शाळेचं नावसुद्धा सांगितलं.

एकदा असं ठरलं की माणूस घर बघायचं सोडून त्या नावाच्या मागे लागतो. माझं तेच झालं. नव्याने जाणाऱ्या भारतीयांच्या एका ग्रुपवर मी लिहिलं, "ग्लेन वेव्हर्लीत, शाळेच्या हद्दीत, तीन बेडरूमचं घर हवं आहे, जुलैपासून." मला काय हवंय, कधी हवंय आणि मी किती घाईत आहे, हे सगळं मी स्वतःच लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. मराठीत. "ताई, मी मूळचा साताऱ्याचा. माझं घर रिकामं होतंय, अगदी शाळेच्या हद्दीत." भाडं आठवड्याला ४२० डॉलर. तिकडे भाडं आठवड्यावर सांगतात. त्या भागात तशा घरांच्या जाहिराती सहाशेच्या पुढे होत्या, आणि हे मला माहीत होतं, कारण माझ्याच तक्त्यात ते आकडे होते. विचारलं तर म्हणाला, "पैशाचं काही नाही ताई, घर जपणारी आपली माणसं हवीत." तो कामासाठी पर्थला गेला होता म्हणे, म्हणून घर दाखवता येणार नव्हतं. चावी कुरियरने पाठवणार होता. तीन दिवस तो रोज बोलत होता. मुलीची चौकशी केली, थंडीचे कपडे कुठले आणायचे ते सांगितलं, हिंग आणि गोडा मसाला बरोबर आणा म्हणाला. परक्या मुलखात आपल्या भाषेतलं कोणी भेटलं की आपण किती सहज विसावतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी अगदी डोळे मिटून बसले नव्हते. नकाशावर पत्ता टाकला, रस्त्यावरून घेतलेल्या फोटोंमध्ये घर पाहिलं. विटांचं, बैठं, दारात पांढरी पत्रपेटी. त्याने पाठवलेला बाहेरचा फोटो तंतोतंत जुळला. आतले फोटो सुंदर होते. त्यातल्या एकात, स्वयंपाकघराच्या कडेला, जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या दिसत होत्या. बैठ्या घरात जिना कुठून येईल? मी तो फोटो आईला दाखवला, सासूबाईंना दाखवला, वीसेक वेळा स्वतः पाहिला. पायऱ्या दिसल्या त्या पैसे गेल्यावर.

मग करारनामा आला. मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्याचा खरा छापील नमुना, फॉर्म १. तो सरकारी संकेतस्थळावरून कोणीही उतरवून घेऊ शकतं, त्यामुळे फॉर्म खरा असल्याने काहीच सिद्ध होत नाही. डिपॉझिटला तिकडे बाँड म्हणतात. आठवड्याचं भाडं ९०० डॉलरपर्यंत असेल तर बाँड एक महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तो मालकाने स्वतःकडे न ठेवता आरटीबीए नावाच्या सरकारी संस्थेकडे १० कामकाजाच्या दिवसांत जमा करायचा असतो. हे मी वाचलं होतं. त्याने मागितलेली रक्कम नियमात बसत होती: १,८२० बाँड, १,८२० भाडं. "आरटीबीएची पावती तुम्हाला ईमेलवर येईल," असंही तो आपणहून म्हणाला. नियम जुळले म्हणून मी निर्धास्त झाले. पण ती पावती पैसे गेल्यानंतरच येणार असते, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

खातं तिसऱ्याच व्यक्तीच्या नावावर होतं. "मिसेसचं माहेरचं नाव," म्हणाला. नवरा त्या वेळी म्हणाला होता, "दोन दिवस थांबू या का?" मी त्याच्यावर चिडले. आणखी दोन कुटुंबं घर मागताहेत, ताई, पण मी तुमच्यासाठीच ठेवतो, असं त्या घरवाल्याने सकाळीच सांगितलं होतं. त्याच दिवशी पासपोर्टच्या प्रती, पॅन कार्ड आणि ऑफर लेटरही मी त्याला पाठवलं होतं. दोन लाखांपेक्षा त्या कागदांची भीती मला पुढे जास्त वाटली.

हे उघडकीला आलं ते शाळेमुळे. माझ्या होणाऱ्या टीममधले एक ज्येष्ठ सहकारी माउंट वेव्हर्लीत राहतात. घरापासून शाळा चालत किती लांब, एवढंच मी त्यांना विचारलं होतं. व्हिक्टोरिया सरकारचं 'फाइंड माय स्कूल' नावाचं संकेतस्थळ आहे, पत्ता टाकला की कुठल्या शाळेची हद्द ते दिसतं. त्यांनी पत्ता टाकला आणि सांगितलं, हे घर ग्लेन वेव्हर्लीत आहे पण त्या शाळेच्या हद्दीत नाही. उपनगर तेच, हद्द दुसऱ्या शाळेची. मी महिनाभर तक्ते केले आणि हे अर्ध्या मिनिटाचं काम केलं नाही.

मी त्या माणसाला विचारलं. "हद्द बदलली असेल ताई," म्हणाला, आणि त्याच दमात चावीच्या कुरियरसाठी आणखी ६०० डॉलर मागितले. तेव्हा पोटात गोळा आला. संध्याकाळी ऑफिसमधून परतताना सहकाऱ्यांनी त्या घराची बेल वाजवली. दार एका वयस्कर बाईंनी उघडलं. त्या आणि त्यांचे यजमान कित्येक वर्षं तिथेच राहतात, घर त्यांचं स्वतःचं. आमच्यासारखं विचारायला आलेलं ते पहिलं माणूस नव्हतं.

बँकेत धावले. पैसे परत मागवण्याचा अर्ज घेतला गेला, पण समोरच्या खात्यात काही उरलं नव्हतं. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोलिसांत तक्रार दिली, ऑस्ट्रेलियात रिपोर्टसायबर आणि स्कॅमवॉच या सरकारी संकेतस्थळांवर नोंद केली. एक रुपयाही परत आला नाही. खरी मदत झाली ती आयडीकेअर या संस्थेची. ओळखपत्रं चोरांच्या हाती लागली तर काय करायचं ते ही संस्था फुकट सांगते. आपल्या नावावर कोणी कर्ज काढू नये म्हणून लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या तिकडच्या क्रेडिट कंपन्यांकडे बंदी घालून ठेवता येते, ती आम्ही पोचल्यावर लगेच घातली. तुम्ही कागद पाठवून बसला असाल तर लाजेपोटी थांबू नका. मी आईला सांगायला अकरा दिवस लावले, आणि तोवर एकटीच जळत राहिले.

तिथे गेल्यावर घर मिळवायची खरी रीत पाहिली, आणि मग आपण काय करून बसलो ते नीट कळलं. बहुतेक घरं एजंटच्या हातात असतात. ठरलेल्या वेळी, बऱ्याचदा शनिवारी, पंधरा-वीस मिनिटं घर उघडतात. वीस-पंचवीस माणसं बूट पुसत आत फिरतात. मग ऑनलाइन अर्ज, पगाराचा पुरावा, ओळखपत्रं. अर्ज मंजूर झाल्यावरच पैसे, आणि तेही एजंटच्या ट्रस्ट खात्यात, म्हणजे ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवायच्या खात्यात. एजंटचं लायसन्स सरकारी नोंदवहीत कोणालाही तपासता येतं. घरमालक स्वतःही घर देतात, त्यात गैर काही नाही, पण तोही दार उघडून दाखवतो. तुम्हाला जाता येत नसेल तर ओळखीतल्या कोणाला तरी उभं करा. व्हिडिओ कॉलवर त्याला नळ सोडायला सांगा, दिवे लावायला सांगा, दाराबाहेर येऊन घरनंबर दाखवायला सांगा. हे कोणी टाळत असेल तर तो कितीही गोड मराठी बोलू दे, पैसे पाठवू नका. कंपनीने दिलेले दोन आठवडे पुरले नाहीत तर स्वस्तातली खोली घेऊन आणखी दोन आठवडे काढा. आम्ही तसेच काढले, चौघांनी एका खोलीत, जुलैच्या थंडीत. तो खर्च गेलेल्या रकमेच्या निम्मासुद्धा नव्हता.

आम्ही शेवटी क्लेटनला राहिलो. माझ्या तक्त्यात त्याच्यावर काट मारलेली होती. नऊ घरं पाहिली, स्टेशनपर्यंत स्वतः चालून पाहिलं, संध्याकाळी सातला रस्त्यावर किती माणसं असतात ते पाहिलं. भाजीवाला पायी अंतरावर, लोकल सोयीची. मुलगी जवळच्या शाळेत रुळली. पहिल्या आठवड्यात मात्र ती विचारायची, "त्या काकांचा आवाज तू रेकॉर्ड केला होतास का?" तिच्याशीही तो फोनवर बोलला होता.

गेल्या महिन्यात जळगावच्या एका कुटुंबासाठी मी वँटिर्नाला घर बघायला गेले. जाहिरात खरी, एजंट खरा, घर स्वच्छ. व्हिडिओ कॉलवर सगळ्या खोल्या दाखवल्या. पण वँटिर्नात रेल्वे स्टेशन नाही, आणि त्या कुटुंबातल्या नवऱ्याला रोज शहरात कामाला जायचं होतं. मी बसथांब्यावर उभी राहिले आणि त्याला रिकामा रस्ता दाखवला. बस यायला अडतीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो फोनवर थांबला, बायकोशी बोलला, आणि म्हणाला, "ताई, हे नको."