सात किलो मेरिनो, दोन चरखे आणि ₹23,499

आधी ₹10,500, मग परत ₹10,500 आणि वर ₹2,499. एकूण ₹23,499. आकडे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण आमच्या गल्लीत हा आकडा साठ हजारांवर गेलाय आणि मी लॉटरीत फसले असंही काहीजणी सांगत फिरताहेत. लॉटरी नव्हती. लोकर होती. आणि मी अडाणी नाही, हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झालेली बाई आहे.

ज्यांना विणकामाचा नाद नाही त्यांना वाटेल, लोकरीसाठी एवढे पैसे कोण घालवतं? तर बघा. बेळगावात थंडी सुरू झाली की खडेबाजार, गणपत गल्लीत लोकरीचे गुंडे येतात. लोकर म्हणायची पद्धत, असतं ते ॲक्रिलिक. टोपड्या-मोज्यांना चालतं, धुवायला सोपं, माझी तक्रार नाही. पण मी टकळीवर कातते. त्याला न कातलेली, विंचरलेली लोकर लागते. आपल्या भागात धनगरांकडं मिळते ती दख्खनी मेंढीची, काळी आणि राठ. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, पण गळ्याभोवती गुंडाळली तर अर्ध्या तासात मान लाल. मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर हवी तर बाहेरून मागवावी लागते, आणि सुटी घ्यायची तर भाव ऐकूनच टकळी खाली ठेवावीशी वाटते. म्हणून आम्ही अनगोळ, शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणीच्या बायका मिळून एकत्र मागवतो. या खेपेला पैसे गोळा करायचं काम माझ्याकडं होतं. खरी आग त्याचीच आहे. स्वतःचे गेले असते तर गप्प बसले असते.

डिसेंबर 2024 मध्ये गावभर रोषणाई होती. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली त्याची. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, टिळकवाडीत झालेलं. सभासदानं महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं, हे तिथंच ठरलं होतं. कातणाऱ्या माणसाला या गोष्टीचा अभिमान असणारच. नेमक्या त्याच आठवड्यात फोनवर जाहिरात आली: ‘बेळगाव शताब्दी ऑफर, पेटी चरखा ₹3,850, मेरिनो पेळू ₹1,900 किलो.’ पेळू म्हणजे विंचरून कातायला तयार केलेली लोकरीची लांब वळी. मेरिनोचा भाव मला माहीत असलेल्या भावाच्या जवळजवळ निम्मा. सणासुदीला, जयंतीला, शताब्दीला जी ऑफर तुमच्या गावाचं नाव घेऊन येते ती तुमच्यासाठीच शिवलेली असते, एवढं ध्यानात ठेवा.

फोन केला तर पलीकडं चिरका हिंदी आवाज नाही, आपल्याकडचा पोरगा. “काकू, इचलकरंजीत गोडाऊन हाय आमचं. माझी आत्ती वडगावलाच दिल्याय. तुमास्नी फसवून जाणार कुठं?” कानडीही फर्डा बोलायचा. परक्या माणसाला मी दहा प्रश्न विचारले असते. याला किती विचारावे?

विचारलेच नाहीत असंही नाही. हा भाग नीट वाचा, कारण रात्री झोप उडते ती यामुळंच. मी विचारलं, मायक्रॉन किती? म्हणजे तंतूची जाडी. मेरिनो म्हटलं की चोवीसच्या आत, चांगली असली तर एकोणीस-वीस. तो म्हणाला, “बेचाळीस, काकू. जास्त मायक्रॉन म्हणजे जास्त सॉफ्ट.”

बेचाळीस! हा आकडा घोंगडीच्या लोकरीचा. जितका आकडा मोठा तितका तंतू जाड, हे कातणाऱ्या पोरीलाही ठाऊक असतं. आणि मी हसले. मनात म्हटलं, व्यापाऱ्याचं पोर आहे, त्याला काय कळतंय मायक्रॉन, माल चांगला असला म्हणजे झालं. वर त्याला समजावून सांगितलं! त्यानं लिहूनही घेतलं असेल, पुढच्या गिऱ्हाइकाला बरोबर सांगायला. त्याच दिवशी त्यानं व्हिडिओ पाठवला होता. त्यात पांढरा पेळू हातानं ओढून दाखवलेला, चकचकीत, सरळ, एकाही तंतूला लाट नाही. मेरिनोच्या तंतूला बारीक बारीक लाटा असतात, त्यामुळंच ती फुगते. व्हिडिओ मी दोनदा बघितला आणि म्हटलं, उजेडामुळं दिसत नसेल.

ऑर्डर अशी होती: सात किलो मेरिनो ₹13,300, दोन पेटी चरखे ₹7,700. निम्मे आगाऊ. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. “आमचं करंट खातं अपडेट व्हायलंय, हे दाजींचं हाय.” दाजी, मामा, मॅनेजर, कुणाचंही असो, दुकानाच्या नावावर नसलेल्या खात्यात पैसे टाकू नका. बिलही पाठवलं, जीएसटी नंबरसकट. तो नंबर 08 नं सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र 27, कर्नाटक 29. 08 म्हणजे राजस्थान. इचलकरंजी राजस्थानात कधी गेली? पण बिलावर नंबर आहे एवढंच बघितलं जातं, तो वाचतो कोण? जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की मालकाचं नाव फुकट दिसतं. दोन मिनिटांचं काम.

‘माल निघाला’ म्हणून उरलेले ₹10,500 गेले. मग ‘ट्रान्सपोर्ट डिपॉझिट, माल पोचला की परत’ म्हणून ₹2,499. हे मी कुणाकडून मागितले नाहीत, माझेच घातले.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, पुढं काय झालं असेल ते कळलं, पार्सल आलंच नसेल. आलं! म्हणून तर हे लिहितेय. भलं मोठं पोतं आलं, कुरियरवाल्याला ओटीपी दिला, सही केली. पोत्यात उशीत भरतात तसला कृत्रिम कापूस, आणि दोन चरखे. तळहाताएवढे. शोकेसमध्ये ठेवायचे, लाकडी, चाक फिरतंय पण सूत कातायची चातीच नाही.

तरी खात्री करावी म्हणून स्वयंपाकघरात चिमट्यात एक पुंजका धरून गॅसच्या ज्योतीजवळ नेला. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो, ज्योतीतून काढली की आपोआप विझते आणि राख बोटानं चुरडली जाते. हे भसकन पेटलं, वितळलं, काळा थेंब ओट्यावर पडला आणि खड्यासारखा घट्ट झाला. अजून निघाला नाही. घेण्याआधी मूठभर नमुना मागवा आणि जाळून बघा. नमुना द्यायला जो कुरकुर करतो, त्याच्याशी पुढं बोलायचंच नाही.

त्याला फोन लावला तर माफीच माफी. “चुकून दुसऱ्याचं पार्सल आलंय काकू, पैसे लगेच परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.” इथं मात्र मी सापडले नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. तसं बोलल्यावर फोन कट, नंबर बंद.

आता सरकारी कौतुक ऐका. सायबर फसवणुकीची तक्रार 1930 या हेल्पलाइनवर लगेच करायची असते, कारण पैसे तासाभरात चार खाती फिरतात. पण माझे पैसे जाऊन दोन आठवडे झाले होते. पार्सल यायची वाट बघत होते ना! ते पार्सल पाठवण्यामागचं अर्धं गणित हेच. उरलेलं अर्धं ठाण्यात कळलं.

“माल आलाय की मॅडम.” साहेबांनी ते शोकेसचे चरखे टेबलावर ठेवून एकाचं चाक फिरवलं. “चरखा दोन नग लिहिलंय, दोन नग आलेत. ही दिवाणी भानगड, ग्राहक कोर्टात जावा.” अर्ज मराठीत होता, तो कानडीत लिहून आणा म्हणाले. लिहून आणला. मग साहेब बंदोबस्ताला, मग कॉम्प्युटर बंद, मग नाळे बर्री, म्हणजे उद्या या. मग कळलं की आरोपी इचलकरंजीचा म्हणतो, तर तक्रार तिकडं द्यायला हवी. वयाच्या साठीत एसटीनं तिकडं गेले. तिकडचे म्हणाले, पैसे बेळगावातून गेले, तुम्ही कर्नाटकच्या, तिकडंच द्या. सीमाप्रश्नावर मोर्चे काढणारे दोन्हीकडं आहेत, पण बाईची एक तक्रार घ्यायची म्हटली की दोन्ही राज्यांना ती पलीकडचीच वाटते! 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. हे कागदावर लिहून नेलं तर साहेबांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही वकील काय?” नाही, गणिताची मास्तरीण. पण वाचता येतं.

बँकेचं उत्तर एका ओळीचं: पिन तुम्ही स्वतः टाकलाय. कुरियरचं त्याहून छोटं: सही तुमची. पैसे पाठवायच्या ॲपवर तक्रार टाकली की ‘आम्हाला तुमची काळजी आहे’ असा निरोप लगेच येतो, माणूस कधी येत नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर निदान शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि नोंद क्रमांक दिला, पण दुकानाचा पत्ताच खोटा, नोटीस पाठवणार कुठं?

म्हणून सांगते, अनोळखी ठिकाणचं पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, पोत्यावरच्या पत्ता-वजनाच्या पट्टीपासून. वजनकाटा शेजारी ठेवा. माझ्या पोत्याच्या पट्टीवर वजन 3 किलो 200 ग्रॅम लिहिलंय, सात किलो लोकर त्यात मावेल कशी? हा एकच कागद साहेबांनी दुसऱ्यांदा वाचला. आणि ओटीपी देण्याआधी ही पट्टी वाचा, कुरियरवाला कितीही घाई करू दे.

मैत्रिणींचे ₹13,350 मी माझ्या पेन्शनमधून दिले. दोघींनी घेतले नाहीत, एकीनं मोजून घेतले. तिचंही बरोबरच. घरात मात्र अजून कुरियरवाला दारात आला की ह्यांचा प्रश्न ठरलेला, “काय गं, मेरिनो काय?”

शेवटी एका खात्यात ₹1,870 गोठवलेत असा मेसेज आला. सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागणार होता, आणि त्यासाठी विचारलेल्या वकिलांनी ₹2,000 सांगितले. ते तिथंच राहू देत.

शताब्दी ऑफरवाल्याकडं आणखी कुणाचे पैसे गेले असतील तर लाजून बसू नका, सायबर पोर्टलवर आपापली तक्रार टाका आणि पावती क्रमांक जपून ठेवा. मागच्या आठवड्यात निपाणीच्या एकीला तोच व्हिडिओ आलाय. दुकानाचं नाव बदललंय, आणि मायक्रॉन आता एकोणीस सांगतोय.