'क्वायट इज द न्यू लाउड' : काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः गिटारच्या तारांच्या त्या 'कुईं'बद्दल

आधी राग काढून घेते. ज्या ॲपला मी दर महिन्याला इमानेइतबारे पैसे मोजते, त्यावरून किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स या जोडीचा हा अल्बम एका सकाळी गेला. गेला म्हणजे यादीत नावं दिसतात, पण राखाडी. बोट ठेवा, दाबा, काही होत नाही. ग्राहकसेवेला लिहिलं तर उत्तर आलं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, ॲप काढून पुन्हा टाकून बघा. काढलं, टाकलं, तेच. मग दुसरं उत्तर आलं की हक्कांच्या करारांनुसार काही गाणी काही वेळा उपलब्ध नसतात. अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? ॲप कशाला काढायला लावलंत? आणि या सगळ्या पत्रव्यवहारात महिन्याचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला बिनबोभाट कापला गेला.

तर त्या तिरीमिरीत मी या अल्बमची जुनी, कुणीतरी वापरून विकलेली सीडी घेतली. कपाटातला सीडी प्लेअर काढला, वायरवाले हेडफोन शोधले आणि तेव्हापासून हा अल्बम खऱ्या अर्थाने 'वापरते' आहे. जुनी सीडी घेणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. सीडी आतून बाहेर वाचली जाते. या अल्बमची बाराही गाणी तासाभराच्या आत संपतात आणि सीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटं सहज मावतात, त्यामुळे बाहेरच्या कडेचा पट्टा मोकळाच असतो. तिथे ओरखडे दिसले तर घाबरू नका. उलट तेवढ्यावर विकणाऱ्याशी घासाघीस करा. मी केली.

अल्बमची ओळख थोडक्यात उरकते, कारण इथवर वाचणाऱ्याला ती असणारच. किंग्ज ऑफ कन्व्हिनियन्स म्हणजे नॉर्वेच्या बर्गन शहरातले दोघे, एर्लेंड ओये आणि आइरिक ग्लाम्बेक ब्यो. अल्बम 2001चा. ध्वनिमुद्रण लिव्हरपूलच्या पार स्ट्रीट स्टुडिओत, निर्माता केन नेल्सन, म्हणजे ज्याने कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या 2000 सालच्या 'पॅराशूट्स'वर काम केलं तोच. दोन गिटारी, एक नायलॉनच्या तारांची आणि एक स्टीलच्या, दोन आवाज, मधूनमधून चेलो, ट्रंपेट, पियानो आणि अगदी जपून वाजवलेले ड्रम. लोक सायमन आणि गारफंकल या जुन्या अमेरिकन गायकजोडीची आठवण काढतात. ती काढल्याशिवाय या दोघांवर लिहायचंच नाही असा बहुतेक नियम असावा.

आता मुद्द्यावर येते. कुईं.

डाव्या हाताची बोटं तारेवरून एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकताना जो बारीक, टोकदार आवाज येतो, तो. ॲपवर ऐकत होते तेव्हा पंखा, रस्ता, घरातली बोलणी यांत तो बुडून जायचा. बंद कपांचे हेडफोन घालून, रात्री, खोली शांत असताना सीडी लावली आणि पहिल्याच गाण्यात, 'विनिंग अ बॅटल, लूझिंग द वॉर'मध्ये, मला गाण्याच्या आधी तो ऐकू यायला लागला. एकदा ऐकू आला की संपलंच. शब्द कानावरून जातात, दोघांचे सूर एकमेकांत किती सुंदर मिसळलेत हे कळतं, पण कान टपून बसलेला असतो पुढच्या कुईंवर. 'टॉक्सिक गर्ल'ला जरा उसंत मिळते, कारण ते चालीचं, झुलतं गाणं आहे. पण 'आय डोन्ट नो व्हॉट आय कॅन सेव्ह यू फ्रॉम' हे माझं सगळ्यात लाडकं गाणं. जुन्या ओळखीचं माणूस बऱ्याच काळानंतर आधार मागत येतं आणि गाणाऱ्याला कळत नाही की आपण या माणसाला नेमकं कशातून सोडवणार आहोत. इतकं अवघडलेलं, इतकं नीट सांगितलेलं गाणं, आणि त्यात बोटं घासतायत! पैसे देऊन घेतलेल्या अल्बमचं नाव 'क्वायट' असेल तर मी शांततेची अपेक्षा करायची नाही का?

मग उपाय सुरू केले. सीडीवरून गाणी कॉम्प्युटरवर उतरवली आणि इक्वलायझर, म्हणजे आवाजातले उंच-खालचे पट्टे वेगवेगळे कमीजास्त करायची सोय, घेऊन बसले. त्रास बराचसा दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास आहे असं दिसलं, तेवढा पट्टा खाली ओढला. कुईं कमी झाली. सोबत दोघांच्या तोंडातले 'स', 'ट', 'क' पण गेले, कारण व्यंजनांची धारही त्याच पट्ट्यात असते. हे दोघं एकतर कुजबुजल्यासारखं गातात. त्यातली व्यंजनं काढली तर उरतं काय, नुसतं हुंकारणं. पट्टा पुन्हा जागेवर आणला. आता असले आवाज वेचून पुसणारं सॉफ्टवेअर स्टुडिओवाल्यांसाठी मिळतं, पण ते घेण्याइतके पैसे माझ्या वैतागात नाहीत.

कारण शोधलं तेव्हा थोडा राग उतरला, हे कबूल. गिटारच्या जाड तारा साध्या नसतात. आत गाभा आणि त्यावर बारीक धातूची तार गोलगोल गुंडाळलेली, म्हणजे हाताला लागेल न लागेल अशी खाचाखाचांचा पृष्ठभाग. बोटाची कातडी त्या खाचांवरून सरकली की तार थरथरते आणि कुईं होते. हात झपकन गेला तर आवाज उंच, हळू गेला तर खालचा. नायलॉनच्या गिटारीत जाड तीन तारा अशा गुंडाळलेल्या असतात, बारीक तीन गुळगुळीत. स्टीलच्या गिटारीत बहुधा चार. म्हणजे या अल्बमवर दोन गिटारी मिळून सात तारा कुरकुरायला मोकळ्या.

पण खरी मेख पुढे आहे. हे दोघं वाजवतात अतिशय हलक्या हाताने. पिकने, म्हणजे तारा छेडायच्या चपट्या तुकड्याने, सणसणीत फटकारे मारले असते तर तारेचा मूळ सूर इतका मोठा आला असता की घासण्याचा आवाज त्याखाली दबला असता. इथे सूरच हळू, म्हणून माइक जवळ आणि त्याची पातळी वर. पातळी वाढवली की सूरही मोठा होतो आणि कुईंही तितकीच मोठी होते, ती काही मागे राहत नाही. तारेवर बोट दाबायला लागणारा जोर आणि सरकायला लागणारा वेग मात्र उजव्या हाताने कितीही हळू वाजवलं तरी तेवढाच राहतो. थोडक्यात, जितकं मऊ वाजवाल तितकी कुईं पुढे येणार. अल्बमचं जे वैशिष्ट्य आहे त्याचीच ही वसुली आहे. घासून गुळगुळीत केलेल्या तारा मिळतात, लेप दिलेल्या मिळतात, तारांना पुसायचं तेल मिळतं, बोट सरकवण्याऐवजी उचलून ठेवायची शिस्त लावता येते. यातलं काही केलं असतं तर काय बिघडलं असतं, हा माझा प्रश्न होता.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मधे बरेच आठवडे गेले, सीडी रोज नाही तरी नेमाने वाजत राहिली, आणि मत थोडं हललंय. खोडून लिहिण्यापेक्षा खाली जोडते.

झालं असं की कुईं नेमकी कधी येते याकडे लक्ष गेलं. हात जागा बदलतो तेव्हा ती येते, आणि हात जागा बदलतो नवी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजायच्या किंचित आधी. म्हणजे कुईं ही नव्या सुराच्या आधी, ठोक्याच्या अगदी उंबऱ्यावर पडते. ड्रम नसलेल्या किंवा जेमतेम असलेल्या गाण्यात पुढचा ठोका कुठे आहे हे कानाला तीच सांगते. मी बोटाने टेबलावर ताल धरून पाहिलं. बोट समेवर पडायच्या आधी कान सावध झालेला असतो, आणि त्याला सावध करणारी हीच बया. इक्वलायझरने ती काढली होती त्या प्रतीत गाणं गुळगुळीत वाटत होतं पण जरा ऐसपैस पसरलेलंही वाटत होतं, त्याचं कारण आत्ता कळलं. जुन्या मैफिलींच्या ध्वनिमुद्रणात पेटीच्या पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा श्वास ऐकू येतो; त्यावर मी आयुष्यात कधी तक्रार केलेली नाही. मग यांच्यावरच का?

तरी सगळंच माफ केलेलं नाही. जिथे दोघेही गात असतात आणि दोन्ही गिटारी चालू असतात तिथे कुईं कामाची वाटते. जिथे आवाज थांबतो आणि एकटी गिटार उरते, तिथे ती अजूनही माझ्या दातांवर येते. आणि हेडफोन बदलले की हिशोबही बदलतो. वायरवाल्या बंद हेडफोनात ती सगळ्यात जवळ, साध्या स्पीकरवर खोलीभर पसरून सुसह्य. आता मी स्पीकरवरच ऐकते, आवाज बोलण्याच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवून. या अल्बमला तीच पातळी मानवते. वर नेलात तर नेमकी कुईं वर येते, दुसरं काही नाही.

कुतूहलापोटी यांचे पुढचे अल्बमही या एकाच कसोटीवर ऐकले, त्याचा निकाल सांगते. 2004च्या 'रायट ऑन ॲन एम्प्टी स्ट्रीट'वर वाद्यं जास्त आहेत, फाइस्ट या कॅनेडियन गायिकेचा आवाज आहे, 'आय'ड रादर डान्स विथ यू'सारखं नाचरं गाणं आहे. कुईं गर्दीत हरवते. 2009च्या 'डिक्लरेशन ऑफ डिपेंडन्स'वर ड्रम नाहीतच. मला वाटलं तिथे मी वेडी होईन. पण तिथे गिटारच तालवाद्याचं काम करते, आणि घासण्याचा आवाज त्या तालात असा बसतो की पहिल्या अल्बमवर जो मला अडथळा वाटला तो तिथे ठेकाच वाटतो. बारा वर्षांनी 2021मध्ये आलेला 'पीस ऑर लव्ह' मी अजून पुरेसा वापरलेला नाही, त्यावर आत्ता बोलत नाही.

आणि एक 'व्हर्सस' नावाचा प्रकार आहे, 2001चाच. त्यात याच गाण्यांना इतरांनी नवे साज चढवलेत. रॉयक्सॉप या नॉर्वेच्याच इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीने माझं ते लाडकं गाणं घेतलंय, फोर टेट या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने 'द वेट ऑफ माय वर्ड्स'. फोर टेटचं काम अप्रतिम आहे, मूळ गाण्यापेक्षा मला तेच जास्त वेळा ऐकावंसं वाटतं, हे लिहिताना जरा अपराधी वाटतंय. याच ओयेने त्याच वर्षी रॉयक्सॉपच्या अल्बमवर 'पुअर लेनो' गायलं. गिटार हातातून काढली की हा माणूस चक्क डिस्कोत जाऊन उभा राहतो, आणि तिथेही त्याच थंड, सपाट, सभ्य आवाजात गातो. मला हे फार आवडलं.

बाकी तक्रारी भराभर. पहिली सहा गाणी एकीकडे आणि नंतरची सहा दुसरीकडे ठेवलीत तर तराजू सरळ पहिल्या बाजूला झुकतो. 'लीनिंग अगेन्स्ट द वॉल'पासून 'द पॅसेंजर'पर्यंत माझं लक्ष नेहमी कुठेतरी जातं. ती गाणी वाईट नाहीत, पण एकाच गतीची, एकाच उजेडातली गाणी सलग आली की कानाला वळण मिळत नाही. 'समर ऑन द वेस्टहिल' एकटं, मधेच लावलं तर सुरेख लागतं. रांगेत दहाव्या नंबरवर त्याचं काही चालत नाही. शेवटचं 'पॅरलल लाइन्स' मात्र वाट पाहायला लावून भरपाई करतं. 'फेल्युअर' हे गाणं लोक उपदेशासारखं ऐकतात, मला ते चिडवल्यासारखं वाटतं आणि म्हणूनच आवडतं.

विनाइल घ्यायची का असं एका मैत्रिणीने विचारलं. मी नको म्हणाले. इतक्या हळू संगीतात तबकडीची स्वतःची चरचर मिसळणार, मग तारेची कोणती आणि सुईची कोणती हे वेगळं काढत बसणार कोण? वर ती महाग. सीडी घ्या, फोनवर उतरवून ठेवा, विषय संपला. ज्यांना ॲपवरच ऐकायचं आहे त्यांनी एक करा. अल्बम संपल्यावर आपोआप पुढचं काहीतरी लावायची सोय आधी बंद करा. 'पॅरलल लाइन्स' विरता विरता कुणाचा तरी ड्रम कानात फुटला की जीव दचकतो. आणि गाण्यांची पातळी एकसारखी करणारी जी सेटिंग असते, ती अल्बम सलग ऐकताना चालू असली तरी हरकत नाही, सरमिसळ याद्यांमध्ये मात्र या दोघांना उगाच वर खेचते आणि मग पुन्हा तीच कुईं.

प्रवासात ऐकायला घेणार असाल तर राहू द्या. इंजिनाच्या घरघरीत जाड तारांचे सूर पार बुडतात, वरचे तेवढे तरंगत राहतात, आणि वर काय तरंगतं हे एवढं सगळं वाचून तुम्हाला कळलंच असेल. गाडीत 'व्हर्सस' लावा, तिथे तो बरा पडतो.